कागदात आहे तेवढंच

फळ्यावर सर दोनच आकडे लिहितात. वर १३४०, खाली ५९०. "करा बेरीज," म्हणतात आणि हातावरचा खडू झटकतात.

परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावचं कॉलेज. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाचा इतिहासाचा तास. पटावर नावं पुष्कळ आहेत, वर्गात मात्र नऊ जण बसलेत, त्यात सहा मुली. कापूस वेचणीचे दिवस आहेत. मजूर मिळत नाहीत, म्हणून घरचीच पोरं रानात उतरली आहेत. हजेरी घेताना सर गैरहजर नावापाशी थांबतात, "घरच्या रानात का दुसऱ्याच्या?" असं विचारतात, आणि जे दुसऱ्याच्या रानात किलोवर वेचायला गेलेत त्यांच्या नावापुढं पेन्सिलीनं बारीक खूण करतात. त्यांना परीक्षेआधी नोट्स घरी पोचवायच्या असतात, हे माझ्या शेजारी बसलेला मुलगा मला हळूच सांगतो.

बेरीज करायची वेळ आली ती पहिल्या बाकावरच्या मुलीमुळं. आजोबांच्या पेटीतल्या एका कागदाचा फोटो तिनं मोबाइलवर काढून आणला आहे. कागद मोडीत आहे, तिला त्यातला नुसता आकडा लागला. "सर, तेराशे चाळीस म्हंजे हा तुघलकाच्या काळातला हाय का?"

कुणीतरी फिस्सकन हसतं. सर हसत नाहीत. "प्रश्न बरोबर आहे. मुहम्मद तुघलकानं १३२७ साली देवगिरीला राजधानी आणली, म्हणजे १३४० साली आपल्याकडं अंमल त्याचाच. पण कागदाकडं नीट बघ. वर काय दिसतंय?"

"शिक्का हाय सर."

"छापलेला आहे का हातानं उमटवलेला?"

ती फोटो मोठा करून बघते. "छापलेला."

"मग चौदाव्या शतकात छापखाना कुठून आला?"

वर्ग गप्प होतो, पण हे गप्प होणं विचार करण्याचं आहे. सर आता सावकाश उलगडतात. निजामाच्या राज्यात फसली सन चालायचा. वर्ष सुरू व्हायचं सहा ऑक्टोबरला, पहिला महिना आजूर, दुसरा दै, तिसरा बहमन. ऑक्टोबर ते डिसेंबरच्या तारखेत ५९० मिळवायचे, जानेवारीपासूनच्या तारखेत ५९१. मुलीच्या कागदावर पाच बहमन आहे. बेरीज १९३०. म्हणजे डिसेंबर १९३०. "तुझ्या आजोबांचे वडील तेव्हा किती वर्षांचे असतील? घरी विचारून ये." ती वहीत लिहून घेते. तास संपल्याची घंटा होते तरी पोरं उठत नाहीत. प्रत्येकाला आपापल्या घरच्या पेटीतलं काहीतरी आठवायला लागलं आहे.

मी आलो आहे तो सरांना कामावर असताना बघायला. या सत्रानंतर एकच सत्र उरलं आहे, मग त्यांची साठी भरते आणि महाराष्ट्रातल्या महाविद्यालयीन प्राध्यापकाची नोकरी त्या वयाला संपते. त्यांच्या जागेवर कोण येणार, या प्रश्नाला कॉलेजात कुणाकडंच उत्तर नाही.

इतिहास विभाग म्हणजे जिन्याखालची खोली. एक लोखंडी कपाट, दोन टेबलं, भिंतीवर निजाम राज्याचा जुना नकाशा. नकाशात परभणी जिल्हा आजच्या दुप्पट दिसतो. परतूर त्यातच आहे, हिंगोली, वसमत, कळमनुरीही त्यातच. १९८१ साली जालना जिल्हा झाला तेव्हा परतूर तिकडं गेलं, १९९९ साली हिंगोली वेगळा झाला. १९३७ साली महाराष्ट्र परिषदेचं पहिलं अधिवेशन परतूरला भरलं, ते या जुन्या परभणी जिल्ह्यात. शेजारी नरहर कुरुंदकरांचा फोटो आहे. कुरुंदा त्यांचं गाव, तेही तेव्हा याच जिल्ह्यात. नांदेडच्या पीपल्स कॉलेजात ते शिकवायचे मराठी, पण इतिहासावर त्यांच्याइतकं निर्भीड बोलणारा माणूस मराठवाड्यात दुसरा झाला नाही असं सर म्हणतात, आणि मलाही तसंच वाटतं. १९८२ साली कुरुंदकर गेले तेव्हा सर दहावीला होते.

त्यांचं स्वतःचं शिक्षण त्या काळातल्या पुष्कळांसारखंच झालेलं. घरी चार एकर कोरडवाहू, गावात चौथीपर्यंत शाळा, पुढं तालुक्याला मावशीकडं. एम.ए.ला औरंगाबाद. पदवीच्या कागदावर 'मराठवाडा विद्यापीठ' आहे, कारण नामविस्तार व्हायला अजून अवकाश होता. तो १४ जानेवारी १९९४ ला झाला. त्याच वर्षी सप्टेंबरात नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ निघालं आणि परभणीची कॉलेजं तिकडं गेली. पीएच.डी. तिथली. नामांतराच्या दिवसांत वसतिगृहात कोण कोणाच्या ताटाशी बसत होतं आणि कोण उठून जात होतं, ते सरांनी डोळ्यांनी पाहिलं आहे. मग विनाअनुदानित कॉलेजात वर्षानुवर्षं नावाला पगार, पुढं अनुदान, मान्यता, वेतनश्रेणी, नॅकचे दौरे, फायली. 'बनी तो बनी, नहीं तो परभणी' असं लोक म्हणतात. औरंगाबादला जायची संधी एकदा आली होती, ती सरांनी घेतली नाही. कारण विचारलं तर ते कपाट उघडतात.

कपाटात रेक्झिनच्या बांधणीच्या वह्या आहेत. प्रत्येक वहीच्या कण्यावर गावाचं नाव. आत नदी-ओढा, जुनी नावं, वेशी, बारवा, वीरगळ, सतीशिळा, मशिदी, दर्गे, पडके वाडे, कुणाच्या घरात कोणता कागद आहे, त्या कागदात काय आहे, तो कुणी आणि कधी दाखवला. एका पानावर तिरक्या अक्षरात नोंद: 'सनद होती. भाऊवाटणीत दोघांनी अर्धी अर्धी फाडून घेतली. थोरल्याकडची अर्धी पाहिली. धाकटा दाखवत नाही.' खाली चार वर्षांनंतरची तारीख घालून दुसरी ओळ: 'धाकट्यानं दाखवली. जुळली.'

पदोन्नतीच्या अर्जात या वह्यांना रकाना नाही. शोधनिबंधाला आहे, चर्चासत्राला आहे, समितीवर असण्याला आहे. सरांनी ते सगळं नियमाप्रमाणं केलं, त्यात कसूर ठेवली नाही. पण माणसानं आयुष्यभर जे केलं ते त्या अर्जात कुठंच मावत नाही, याचा मला आत्ता, या खोलीत, राग येतो आहे.

दार वाजतं. साठीचा एक शेतकरी आत येतो. डोक्याला रुमाल, हातात बियाण्याच्या कंपनीची पिशवी. पिशवीत वर्तमानपत्र, वर्तमानपत्रात प्लॅस्टिक, प्लॅस्टिकमध्ये चौघडी कागद.

"बसा. पाणी घ्या आधी."

"पाणी ऱ्हाऊ द्या सर. ह्यात कुणबी लिव्हलंय का तेवढं बगा."

सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि निजामकाळातल्या मराठा-कुणबी नोंदी शोधायला सुरुवात झाली, तेव्हापासून मोडी आणि उर्दू वाचणाऱ्या माणसाचं दार रोज वाजतं आहे. २ सप्टेंबर २०२५ ला हैदराबाद गॅझेटचा शासन निर्णय आल्यावर तर जास्तच. तहसिलात, भूमी अभिलेखात, शाळांच्या माळ्यांवर दस्त आहेत. ते वाचणारी माणसं मोजकी. इतकी वर्षं ज्या विषयाला 'त्यात नोकरी नाही' म्हणून नावं ठेवली, त्याच विषयाच्या खोलीबाहेर आता माणसं चपला काढून उभी राहतात.

सर कागद टेबलावर पसरतात. घड्यांवर तो झिजून आरपार दिसतो आहे, म्हणून खाली पांढरा कागद सरकवतात. वर उर्दू छपाई, खाली मोडीतला मजकूर, शाई तपकिरी पडलेली. मोडीत शब्द तोडत नाहीत, ओळीच्या सुरुवातीपासून शेवटापर्यंत हात उचललेला नसतो. वाचणाऱ्यालाच शब्द सोडवून घ्यावे लागतात. सर पेन्सिलीचं मागचं टोक अक्षरांवरून, कागदाला न टेकवता, फिरवत मोठ्यानं वाचतात. खरेदीखत आहे. विकणाऱ्याचं नाव, घेणाऱ्याचं नाव, मौजे अमुक, शेत अमुक, चतुःसीमा. पूर्वेस ओढा. पश्चिमेस भावकीचं शेत. उत्तरेस हाडकी. दक्षिणेस गाडीवाट. साक्षीदारांची नावं, एकाचा अंगठा.

"झालं?" शेतकरी विचारतो.

"झालं. जातीचा उल्लेख नाही."

"नीट बगा सर. कुठंतरी असंल."

सर चिडत नाहीत. पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचतात, या वेळी आणखी हळू. मी त्या माणसाकडं बघतो आहे. त्याचे ओठ सरांच्या मागून हलताहेत. नातीचा इंजिनिअरिंगचा प्रवेश आहे, हे त्यानं आल्या आल्या सांगितलं आहे.

"नाही हो. नाव आहे, बापाचं नाव आहे, गाव आहे. जात नाही."

"तुमी नुसतं लिहून द्या ना. तुमच्या सहीला मान हाय."

"लिहून देतो की. कागदात आहे तेवढंच लिहून देतो."

दोघंही काही वेळ बोलत नाहीत. सरांना हा माणूस परका नाही. त्याचा थोरला मुलगा याच कॉलेजात त्यांच्या हाताखाली शिकला. उद्या बाजारात गाठ पडणार आहे. त्याच्या गावात सरांबद्दल आज संध्याकाळी काय बोललं जाईल तेही सरांना ठाऊक आहे. तरी शब्द बदलत नाही. इतिहास शिकून माणूस काय होतो असं मला कुणी विचारलं तर मी हा क्षण सांगेन. आपल्या माणसाला, त्याच्या गरजेच्या वेळी, त्याच्याच कागदासमोर 'नाही' म्हणता येणं हे या विषयानं शिकवलेलं असतं, आणि तालुक्याच्या ठिकाणी ते शिकलेली माणसं फार थोडी असतात.

मग सर रस्ता दाखवतात. गावच्या शाळेचं जुनं प्रवेश-निर्गम रजिस्टर बघा, त्यात जातीचा रकाना असतो. तहसिलात खासरा पत्रक मागा. आजोबांच्या भावांची नावं घेऊन या, नुसत्या आजोबांवर थांबू नका. एका चिठ्ठीवर अर्ज कसा लिहायचा तेही लिहून देतात. शेतकरी चिठ्ठी रुमालात बांधतो.

"एक विचारू का?" सर म्हणतात. "उत्तरेला हाडकी लिहिलीय. आता तिथं कोण आहे?"

"हाडकी? तिथं तर आमच्याच चुलत्याचं शेत हाय."

"कवापासून?"

"आमाला कळतंय तव्हापासून."

हाडकी म्हणजे महारवतनाची जमीन. हा कागद लिहिला तेव्हा ती तिथं होती, आज तिचं नाव त्या गावात कुणाला माहीत नाही. सर वहीत नोंद करतात: गाव, तारीख, 'उत्तरेस हाडकी', पुढं प्रश्नचिन्ह. सरकारला या कागदातून एक शब्द हवा होता आणि तो त्यात नाही. जे आहे ते कुणी विचारलेलं नाही. मला वाटतं, खरा इतिहास इथून सुरू होतो, आणि सरांच्या कपाटात असली प्रश्नचिन्हं ढिगानं आहेत.

दुपारी तिसऱ्या वर्षाची पोरं घेऊन आम्ही वालूरला निघतो. सेलू तालुक्यातलं हे गाव तिथल्या बारवेमुळं हल्ली माहीत झालं आहे. दोन जीपगाड्या, डिझेलचे पैसे सरांनी दिले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पांढरा फुललेला कापूस, मधूनच तुरीची रांग.

बारव बघून पोरं थबकतात. पायऱ्या समोरून सरळ खाली जात नाहीत. कडेकडेनं गोल फिरत उतरतात, वरून बघताना भोवऱ्यात बघितल्यासारखं होतं. गाळानं आणि झाडोऱ्यानं भरलेली ही बारव गावकऱ्यांनी श्रमदानातून मोकळी केली. पाणी खाली हिरवट, कबुतरं कपारीत. सर सगळ्यांना आधी चपला काढून हातानं दगड चाचपायला लावतात. "सांध्यात चुना लागतो का बघा." एक मुलगी नख घालून बघते, मान हलवते. नाही लागत. "मग दगड कशानं थांबलाय?" यावर बराच वेळ जातो. घडाईवर, वजनावर, एकमेकांत अडकवलेल्या खाचांवर पोरं आपापसांत भांडतात आणि सर त्यांना भांडू देतात.

तोवर गावातले दोघं-तिघं जमलेत. एक म्हातारबा ठासून सांगतात, "हे वाल्मीक ऋषीचं गाव. बारव बी तव्हाचीच." दुसरा पांडवांचं नाव घेतो.

पोरं सरांकडं बघतात. सर म्हातारबांना हात जोडतात. "बाबा, तुम्ही सांगता ते मी लिहून घेतो, तुमच्या नावानं. गावात हे सांगतात हेही खरंच आहे." मग पोरांकडं वळून, "आता दगड काय सांगतो? तारीख सांगतो का?" शिलालेख नाही. बांधणी यादवकाळाकडं बोट दाखवते, बाराव्या-तेराव्या शतकाकडं. त्यापुढं जायला पुरावा नाही. "वहीत काय लिहाल?" एक मुलगा म्हणतो, "यादवकालीन बारव." सर मान हलवतात. "बांधणीवरून यादवकालीन असावी. 'असावी' लिही. एका शब्दानं तू खोटा होत नाहीस."

परतताना गाडीत कुणीतरी परभणीच्या ताम्रपटाचा विषय काढतो. स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकात त्यानं वाचलंय की परभणीत हजार वर्षांपूर्वीचा ताम्रपट सापडला, म्हणजे परभणी केवढं जुनं. सर मागं वळून बसतात; हा त्यांचा आवडता ताम्रपट. शके ८८८, म्हणजे इ.स. ९६६. वेमुलवाड्याच्या चालुक्यांपैकी अरिकेसरीनं शुभधाम नावाच्या जिनालयासाठी सोमदेवसूरींना गाव दिलं त्याचा हा दानलेख. सोमदेवसूरी म्हणजे 'यशस्तिलकचंपू' लिहिणारे, थोर जैन पंडित. "पण वेमुलवाडा कुठं आहे?" तेलंगणात. "दिलेलं गाव तिकडलं, देणारा तिकडला. पत्रे सापडले परभणीत. कसे आले, कुणी आणले, ते पत्रे सांगत नाहीत. म्हणून त्याच्यावरून परभणीचं वय काढायचं नाही." मुलगा हिरमुसतो. सर त्याच्या खांद्यावर थोपटतात. "अरे, पण वेमुलवाड्याचे पत्रे परभणीत येतात म्हणजे माणसांची ये-जा बघ किती होती. ते काय कमी आहे?"

संध्याकाळी सरांच्या घरी चहा होतो. इतिहास विभागात तासिका तत्त्वावर काम करणाऱ्या मॅडमही आहेत. त्या सरांच्याच विद्यार्थिनी. कॉलेजात सर त्यांना 'मॅडम' म्हणतात, घरी 'अगं'. नेट झालेली, पीएच.डी. झालेली, मोडी सरांकडं शिकलेली. तास घेतला तर तासाचे पैसे, सुट्टीत काही नाही, बिल निघेल तेव्हा निघेल. नव्या शैक्षणिक धोरणात मुलं मेजर कोणता घेतात त्यावर विभागाचा कार्यभार ठरणार. इतिहासाला मुलं कमी आली तर सरांची जागाच राहणार नाही; राहिली तरी भरतीला परवानगी केव्हा मिळेल ते कुणी सांगावं. मॅडमचं वय सदतीस आहे.

चहा झाल्यावर दोघं कामाला बसतात. कॅसेटी. सरांनी पीएच.डी.साठी नव्वदीच्या दशकात गावोगाव हिंडून हैदराबाद मुक्तिसंग्रामातली माणसं टेपरेकॉर्डरवर बोलती केली. खोकीभर कॅसेटी आहेत, प्रत्येकीवर बॉलपेननं नाव-गाव. त्यातला बोलणारा आता एकही हयात नाही. मॅडम त्या संगणकावर उतरवून घेताहेत. एका कॅसेटीत उमरखेडच्या सरहद्दीवरच्या कॅम्पमधला एक कार्यकर्ता आहे. रात्री हद्द ओलांडून करोडगिरीच्या नाक्यावर कसे गेलो ते सांगताना त्याला मध्येच खोकला येतो, कुणीतरी पाणी देतं, भांड्याचा आवाज येतो, आणि तो पुन्हा बरोब्बर त्याच वाक्यावर परततो.

दुसरी कॅसेट एका मुसलमान आजीची. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा शिरल्या, १७ ला निजाम शरण आला. त्यानंतरच्या दिवसांत काय झालं ते ती सांगते. दखनी बोलते, मध्येच मराठीत शिरते. नवरा ज्वारीच्या कणसांत लपला होता. रझाकार नव्हता, गावचा शिंपी होता. ज्यांचे अंगरखे त्यानं शिवले होते त्यांतल्या एकानं त्याला दाखवून दिलं आणि दुसऱ्या एकानं तिला आणि लेकराला आपल्या माळवदावर लपवलं. ती दोघांचीही नावं घेते. पंडित सुंदरलाल समितीनं त्याच वर्षी या भागात फिरून अहवाल लिहिला, तो लोकांपुढं यायला कित्येक दशकं गेली. सरांनी मात्र आजीचं म्हणणं प्रबंधात घातलं, कार्यकर्त्याच्या म्हणण्याशेजारीच. त्यावरून तोंडी परीक्षेत त्यांना बरंच ऐकून घ्यावं लागलं. "दोघंही खरं बोलत होते," ते एवढंच म्हणतात. आजीनं घेतलेली दोन्ही नावं त्यांनी छापली नाहीत. त्या घरांतली नातवंडं अजून शेजारी राहतात. कॅसेटीत ती आहेत, आणि ती कुणाला कधी ऐकवायची हे ठरवण्याचा भार आता मॅडमवर येणार.

मॅडम आवाजाची पट्टी पुढं-मागं करत लिहून घेताहेत, तोच सरांचा फोन वाजतो. सकाळचा शेतकरी. आवाज इतका मोठा की आम्हा सगळ्यांना ऐकू येतो. शाळेच्या माळ्यावर रजिस्टर सापडलंय, हेडमास्तरनी उद्या काढून ठेवतो म्हटलंय, पण सगळं मोडीत हाय, सर तुमी येता का?

"उद्या माझी परभणीला मीटिंग आहे," सर सांगतात. "मॅडम येतील. त्या वाचतात."

पलीकडं क्षणभर शांतता. "मॅडमला येतं का हो सर मोडी?"

"माझ्यापेक्षा जलद. आणि त्या सांगतील तेच मी सांगितलं असं समजा. असलं तर आहे म्हणतील, नसलं तर नाही."

मॅडम टेप थांबवून हिशेब करताहेत. अकराला त्यांचा तास आहे. तास सोडला तर पैसे बुडतात. पावणेबाराची एसटी सापडली तर साडेबारापर्यंत गावात. त्या फोन आपल्या हातात घेतात. "काका, रजिस्टर उन्हात ठेवू नका. आणि पानं तुम्ही उलटू नका, मी आल्यावर उलटू. साडेबाराला येते."